पंखनागाची राणी

दादरच्या ज्या साडीच्या दुकानात दाजी तीस वर्षं कामाला होते, तिथे बायका आत शिरल्या शिरल्या विचारायच्या, ‘ते काका आहेत का?’ बाकीचे सेल्समन साडी खांद्यावर टाकून दाखवत. दाजी नेसून दाखवत. पँट-शर्टावर, उभ्या उभ्या, मिनिटभरात. निऱ्या चापून बसलेल्या, पदर हवा तिथे, आणि चेहऱ्यावर असा काही भाव की ही साडी आत्ताच माहेराहून आली आहे. बायका आधी हसायच्या, मग गप्प होऊन बघायच्या आणि तीच साडी बांधून मागायच्या. मालक हुशार होता. दाजींनी कधीही सुट्टी मागितली तरी तो नाही म्हणत नसे.

सुट्टी लागायची दशावतारासाठी. दाजी मूळचे कुडाळकडचे, आमच्या लालबागच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. गिरण्यांच्या काळात कोकणातून आलेल्या माणसांनी इथे एक हौशी दशावतार मंडळ काढलं, ते अजून तग धरून आहे. त्यात दाजी राणी करत. विशीत मिशी काढली ती कायमची. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी परळ-लालबागला अजून लोक म्हणतात, ‘राणी गेली हो.’ नवीन माणसाला वाटतं कोणी बाईच वारली.

मला चौकशीची खोड आहे, हे आधीच कबूल करते. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. दिवसभर लोकांना ‘आता दिसतं का, आता दिसतं का’ विचारायचं, ती सवय घरी आल्यावर कुठे सुटते? चाळीतले बाकीचे मला बघून दार लोटून घ्यायचे. दाजींनी मात्र मला कधी हाकललं नाही. उलट दाढी करताना आरसा माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, ‘विचार आता.’

खेळाच्या दिवशी दोनदा दाढी. तीन दिवस आधीपासून दही बंद, आमसूल बंद. एकदा तोंडाला रंग लागला की पुरुषांच्या बाकड्यावर बसायचं नाही, वेगळी खुर्ची. चहा कपातून न पिता चमच्याने, म्हणजे ओठांचा रंग जात नाही. आणि रंग लागल्यावर त्यांना कोणी ‘दाजी’ म्हटलेलं चालत नसे. ओ द्यायचेच नाहीत. एकदा काकी, म्हणजे त्यांची बायको, खोलीची किल्ली मागायला विंगेत गेली, ती पाच मिनिटं ‘अहो, अहो’ करत उभी. शेवटी वैतागून म्हणाली, ‘राणीसाहेब, चावी देतास काय?’ तेव्हा कुठे कमरेची चावी निघाली.

एकदा मी विचारलं, एवढी मोठी भाषणं पाठ कशी करता? तर त्यांना माझी कीव आली. दशावतारात लिहिलेलं काही नसतंच म्हणे. खेळाआधी अर्धा तास बसून कथा ठरवतात. कोण कोणाला मारणार, कोण कोणाला शाप देणार, एवढंच. शब्द सगळे रंगमंचावर, तिथल्या तिथे. राजा बोलेल त्याला राणीने उत्तर द्यायचं, राणी बोलेल त्याला राजाने. ज्याला उत्तर सुचलं नाही तो हरला. मग हार्मोनियमवाले बुवा सूर धरतात आणि हरलेल्याने मान खाली घालून आत जायचं. ‘पाठ कित्याक करूचा?’ दाजी म्हणाले. ‘समोरच्याचा नीट ऐकलंस, की तुझा वाक्य तेच्यातच असता.’

समोरचा म्हणजे बहुतेक वेळा त्यांचा थोरला भाऊ. त्यांना सगळे दादा म्हणत. दादा राजा करत. सहा फुटी माणूस, आवाज असा की शेवटच्या रांगेतली पेंगणारी म्हातारी जागी व्हायची. पूर्वी बसवर कंडक्टर होते, राहायला परळला. आता खरी गंमत ऐका. हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. नऊ वर्षं अक्षरही नाही. खेळाच्या ठिकाणी जिन्यात समोरासमोर आले तर एक जण भिंतीकडे बघे. पण रंगमंचावर राजा-राणी होऊन दोन-दोन तास भांडत, रुसत, एकमेकांच्या गळ्यात पडत. कथा ठरवताना दोघे हातभर अंतरावर बसलेले, मध्ये बुवा. दाजी म्हणत, ‘बुवानू, तेंका सांगा, वनवास पयलो, शाप मगे.’ बुवा मान वळवून दादांना तेच सांगत. दादा म्हणत, ‘तेंका सांगा, बरा.’ बुवा परत मान वळवत. बुवांच्या मानेला पुढे पट्टा लागला, तो ह्यामुळेच असं माझं मत आहे.

तंटा दोन पदरी होता. पहिला जुना, मंडळाच्या गादीचा. मंडळात एक पेटारा आहे, त्यात गणपतीचा लाकडी मुखवटा असतो. खेळाच्या आरंभी त्याची पूजा होते. पेटारा ज्याच्या घरी, तो मंडळाचा मुख्य. वडील गेल्यावर तो थोरला म्हणून दादांकडे गेला. दाजींचं म्हणणं, राबतो मी, कपडे शिवतो मी, माणसं गोळा करतो मी, आणि पेटारा ह्यांच्याकडे का? ह्यावरून पाच-सात वर्षं धुसफूस चालली. ती मिटली नितीनमुळे. नितीन दाजींचा एकुलता एक मुलगा. दादांना मूलबाळ नव्हतं. तलवारीचे हात, युद्धाचा नाच, सगळं दादांनी त्याला शिकवलं. पुढे पेटारा नितीनकडे जाणार हे दोघांनाही मान्य होतं, मग भांडायचं कशाला? नितीन सव्वीस वर्षांचा झाला आणि गेला. पनवेलकडून खेळ करून परत येताना पहाटे पावसात टेम्पो वळणावर घसरला. बाकीची मंडळी वेगळ्या गाडीने आधीच पोचली होती. टेम्पोत तिघंच होते, ड्रायव्हर, दादा आणि नितीन. ड्रायव्हर त्यानंतर कुठे गावी निघून गेला कोणाला पत्ता नाही. दादा वाचले.

बाराव्याला दादा आले. दारात उभे राहिले. चपला काढल्या, परत घातल्या आणि निघून गेले. काय झालं, कसं झालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दाजींनी विचारलं नाही. तेव्हापासून ते मौन. मी अर्थात दाजींना विचारलं, की तुम्ही सरळ विचारत का नाही? त्यांनी वस्तरा पुसला. मग म्हणाले, ‘मी धाकटो गे. थोरल्याक जाब विचारूक आमका कोणी शिकवल्यानच नाय. तेना सांगूक होया.’ आतून भांडी घासता घासता काकी म्हणाली, ‘माका जाब नको. माका एवढाच कळूक होया, माझ्या झिलान पाणी मागल्यान काय, नि कोणी दिल्यान काय.’ दाजींनी वस्तरा ठेवला आणि उठून बाहेर गेले.

ह्या सगळ्यात ड्रॅगन कुठून आले, तर माझ्यामुळे. माझ्या मोबाईलवर एक परदेशी मालिका चालू होती. राजघराणं, त्यातली माणसं ड्रॅगनवर बसून उडतात आणि गादीसाठी एकमेकांचे जीव घेतात. रविवारी दुपारी बांगड्याचं तिखलं जेवून दाजी गॅलरीत येऊन बसले आणि मान लांब करून बघायला लागले. दोन मिनिटांत म्हणाले, ‘आवाज बंद कर. तेंच्या बोलण्यान माझो गोंधळ होता.’ मग मुक्याने बघत त्यांनी मला कथा सांगितली. ती उंच बाई राजाची बहीण. तिला गादी हवी असं सगळ्यांना वाटतंय, पण तिचं लक्ष गादीत नाही, तिचा मुलगा मेलाय. तो दाढीवाला तिच्या नजरेला नजर देत नाही, म्हणजे त्याला काहीतरी माहीत आहे. मी मागे जाऊन खालच्या ओळी वाचून पडताळलं. सगळं बरोबर. इंग्रजीचं एक अक्षर न कळता हा माणूस माझ्यापुढे दोन भाग गेला होता.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. माझी खोड त्यांना लागली म्हणा. हे प्राणी खातात काय? त्यांचं शेण कोण काढतं? पाऊस आला की कुठे बांधतात? पाठीवर माणसं कशी बसतात, पुढे कोण, मागे कोण? ह्या शेवटच्या प्रश्नावर ते थांबले. मला परत मागे घ्यायला लावलं आणि दोन माणसं पाठीवर बसून उडतात ते दृश्य चार वेळा बघितलं. मी म्हटलं, काय झालं दाजी? म्हणाले, ‘काय नाय. ह्येचो खेळ होतलो.’

दशावतारात हल्ली ट्रिकसीनचं वेड आहे. धूर, दिवे, उडणारे राक्षस. तेव्हा मंडळात कोणाला आश्चर्य वाटलं नाही. दाजींनी त्या प्राण्याला नाव दिलं पंखनाग. बांबूचा सांगाडा, थर्माकोलचं डोकं, दुकानातल्या जुन्या शिफॉनचे पंख आणि खाली हॉस्पिटलातल्या स्ट्रेचरसारखी चाकं. डोळ्यांत दोन दिवे बसवले, त्यातला एक कधी लागायचा नाही. पोरं म्हणाली, नाग काणा आहे. दाजी म्हणाले, असू दे, लढाईत गेला म्हणून सांगू.

पण कथा त्यांनी बुवांना सांगितली तेव्हा मी तिथेच होते. राजघराण्यात जो पंखनागावर बसतो त्याचीच गादी. थोरला राजा, त्याची धाकटी भावजय राणी. राणीचा मुलगा हा दोघांचा वारस. राजा त्याला पंखनागावर घेऊन लढाईला जातो आणि एकटा परत येतो. राजा गादीवर बसतो, बोलत काहीच नाही. राणी भर दरबारात विचारते. राजाला उत्तर देता आलं नाही की राणीने त्याचा मुकुट काढायचा, शाप द्यायचा आणि गादी घ्यायची. बुवांनी हार्मोनियमचा भाता लावून टाकला. म्हणाले, ‘दाजी, ह्या मी तेंका सांगूचंय नाय.’ दाजी म्हणाले, ‘सांगा. नको म्हटल्यानी तर दुसरो खेळ लावूया.’

दादा नाही म्हणतील अशी आमची सगळ्यांची खात्री होती. बुवा परळला जाऊन आले. मी जिन्यातच गाठलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं म्हणे, खिडकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘तेंका सांगा, राजा मीच करतंय.’

खेळ परळच्या एका शाळेच्या सभागृहात, रविवारी दुपारी चारला. काकी कधी खेळ बघायला येत नसे, त्या दिवशी आली, माझ्याशेजारी बसली. मांडीवर पिशवी. माझ्या मनात एकच धाकधूक होती. दादांना ह्यातून सुटायची वाट होती ना. गप्प राहायचं, हरायचं, मुकुट देऊन टाकायचा. मग दाजींना गादी मिळाली असती आणि जे हवं होतं ते कायमचं गेलं असतं.

पंखनाग धुरातून आला. एकच डोळा लागलेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. राजा-राजपुत्र पाठीवर बसून गेले, राजा एकटा परतला. मग दरबार. राणी आली, पांढऱ्या नऊवारीत, दागिना एकही नाही. तिने सुरुवातीला रिवाजाप्रमाणे भारदस्त मराठीत विचारलं, महाराज, माझा पुत्र कुठे आहे? राजाने उत्तर दिलं, दैवगती. राणी म्हणाली, दैवाला दोष देणारा राजा कसला? राजा म्हणाला, आकाशाला वाटा नसतात, राणी. टाळ्या पडल्या. दादा मुरलेला माणूस, असे बारा-पंधरा वार त्यांनी सहज परतवले. मी काकीकडे बघितलं, ती पिशवीचा बंद सोडत होती, बांधत होती.

मग दाजी चालत अगदी जवळ गेले. आवाज खाली आणला. एवढंच म्हणाले, ‘महाराज, पंखनागावर राजपुत्र कुठे बसला होता?’

दादांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. बुवांनी नियमाप्रमाणे वाट पाहिली आणि सुरावर बोट ठेवलं. राणी जिंकली होती. पण दाजींनी मागे न बघता हात वर केला, बुवांना थांबवलं आणि तसेच उभे राहिले. कोणीतरी मागून ओरडलं, ‘राजा, बोल की.’

दादा बोलले, पण राजाच्या भाषेत नाही. ‘मागे,’ ते म्हणाले. ‘पेटाऱ्याकडे.’

पेटारा प्रवासात एकटा ठेवत नाहीत. आत देव असतो ना. जो मंडळाचा मुख्य, त्याने मागे त्याच्याजवळ बसायचं, हात ठेवून. इतकी वर्षं दादाच बसत आले होते. प्रेक्षकांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, ही कथेतलीच काहीतरी गोष्ट.

‘ती जागा माझी,’ दादा म्हणाले. ‘माका थंडी वाजत होती. म्हणान मी फुडे बसलंय, नि तेका मागे बसवलंय.’

दाजी हलले नाहीत. मग विचारलं, तेही आता राणीच्या आवाजात नाही, ‘पाणी मागल्यान?’

‘मागल्यान. माझ्या बाटलीतला दिलंय. पिल्यान.’ दादांचा रंग गालावरून ओघळत होता. ‘नि तो म्हणालो, बाबांची साडी पेटाऱ्यात आसा, ती भिजली काय बघ.’

काकीने पिशवी तोंडाशी धरली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती मानेनेच ‘नको’ म्हणाली. तिला ऐकायचं होतं, पण आता पुढे काही नव्हतं. कथेप्रमाणे राणीने मुकुट काढून शाप द्यायचा होता. दाजींनी दोन्ही हात मुकुटाला लावले. दादांनी मान खाली घातल्याने तो कलला होता. त्यांनी तो सरळ केला आणि आत निघून गेले. शाप नाही, गादी नाही, काही नाही. लोक चुळबुळले, ‘हे काय, शेवट कुठाय?’ बुवांना काय वाजवावं सुचेना, त्यांनी आरती घेतली. बाहेर पडताना एक बाई मला म्हणाली, राजाचं काम काय झालं हो आज. मी म्हटलं, हो.

तुम्हाला वाटेल, आत जाऊन भाऊ गळ्यात पडले. छे. दाजी रंग न पुसता काकीला घेऊन चालत लालबागला आले आणि तीन आठवडे कोणाशी बोलले नाहीत. माझ्याशीही नाही. मला राग आला, मग लाज वाटली, मग परत राग आला. मला विचारायचं होतं, कळून बरं वाटलं की वाईट? थंडी वाजली म्हणून पुढे बसलेल्या माणसाला माफ करता येतं का? आणि नाही करता आलं तर त्याच्याविषयी दुसरं काय वाटतं? काकी मात्र त्या दिवसापासून रात्री झोपायला लागली. ते तिनेच मला सांगितलं. चौथ्या रविवारी सकाळी दाजींनी डबा भरला आणि परळच्या दिशेने गेले. पुढच्या रविवारीही. मी विचारलं नाही. जमलं मला.

मग एक अडचण झाली, ती आधी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. त्या दोघांचे खेळ पडायला लागले. राजा गरजायचा, राणी उत्तर द्यायची, सगळं जिथल्या तिथे, पण धार नव्हती. जुने प्रेक्षक कुरकुरले. बुवा माझ्याकडे येऊन बसले, म्हणाले, नऊ वर्षं मी मान मोडून निरोप पोचवले, तेव्हा खेळ रंगायचा. आता दोघे शेजारी बसून चहा पितात आणि मला कोणी विचारत नाही.

शेवटचा खेळ मी पाहिला तो परळला एका इमारतीच्या पटांगणात. सत्यनारायणाची पूजा, भर दुपार, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दादांना साखरेचा त्रास सुरू झाला होता, वेळेवर खाल्लं नाही तर हात थरथरायचे. जुनंच कथानक होतं, प्रधानाच्या चुगलीवरून राजा राणीला हाकलून देतो. दादांनी तलवार उपसली. ‘चालती हो, माझ्या राज्यातून चालती हो.’ आता राणी पेटणार म्हणून आम्ही सावरून बसलो. दाजी त्या तलवारीकडे बघत राहिले. ती हलत होती.

‘जेवलंस?’ राणीने विचारलं.

राजा गोंधळला. ‘नाय,’ म्हणाला.

‘मग आधी जेव. माका मगे हाकल.’

लोक पोट धरून हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी राजाचा हात धरला आणि त्याला पडद्याआड घेऊन गेले. खेळ वीस मिनिटं बंद. मी उठून बाजूने गेले. पडद्याच्या फटीतून दिसलं, राजा लाकडी खोक्यावर बसून भात-आमटी खात होता, मुकुट शेजारी. राणी समोर खाली बसलेली, पूर्ण शृंगारात, डब्याचं झाकण हातात धरून. दादा खाता खाता काहीतरी सांगत होते. सगळं मला ऐकू आलं नाही. मध्येच नितीनचं नाव आलं, तो लहानपणी कुठे लपून बसला होता असं काहीतरी होतं, आणि दोघंही हसले.